व्हीपीएन जोडल्यावर व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क बंद पडले तर काय तपासावे

ऑफिसचा व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत नेणारा सुरक्षित बोगदा, जोडलेला असतो, लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ऑफिसची अंतर्गत पाने व्यवस्थित उघडतात, पण त्याच लॅपटॉपवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमधून (प्रोग्रॅमने लॅपटॉपच्या आत उभ्या केलेल्या आभासी संगणकातून) ऑफिसचा सर्व्हर काही केल्या सापडत नाही. किंवा व्हीपीएन जोडताक्षणी व्हर्च्युअल मशीनमधले इंटरनेटच बंद पडते आणि तो तोडला की पुन्हा सुरू होते. घरून काम करणाऱ्या नवख्या अभियंत्यांना आणि विद्यार्थ्यांना ही अडचण हमखास गाठते. अशा वेळी सेटिंगमध्ये जे दिसेल ते बदलून पाहण्याचा मोह होतो, आणि थोड्याच वेळात मूळ दोष कोणता व आपण नव्याने घातलेला दोष कोणता हेच कळेनासे होते. म्हणून या लेखाचा आग्रह असा आहे की पॅकेट नेमके कुठे अडते ते आधी शोधावे आणि त्यानंतरच, एका वेळी एक, असा बदल करावा.

उदाहरणासाठी सर्वांत जास्त आढळणारी मांडणी घेतली आहे. लॅपटॉपवर विंडोज ११, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स, त्यात उबुंटूचे एक मशीन, आणि व्हीपीएन लॅपटॉपवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या बाहेर. पुढे लॅपटॉपला ‘होस्ट’ आणि आतल्या मशीनला ‘गेस्ट’ म्हटले आहे. हायपर-व्ही, डब्ल्यूएसएल आणि लिनक्सवरील केव्हीएम या व्हर्च्युअल मशीन चालवण्याच्या इतर साधनांसंबंधी वेगळे लक्षात ठेवण्यासारखे जे आहे ते शेवटाकडे दिले आहे. लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत; टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.

पॅकेटची वाट आधी समजून घ्यावी

व्हर्च्युअलबॉक्समध्ये गेस्टचे नेटवर्क कार्ड कशाला जोडायचे याचे अनेक पर्याय असले, तरी आपल्या कामाचे तीनच आहेत: नॅट, ब्रिज्ड आणि होस्ट-ओन्ली. व्हीपीएनच्या बहुतेक तक्रारींचे मूळ यांपैकी चुकीचा पर्याय निवडण्यात असते, त्यामुळे हा भाग घाईने वाचू नये.

नॅट पद्धतीत गेस्टला स्वतःचा एक खासगी पत्ता मिळतो, पण बाहेरच्या जगाला तो कधीच दिसत नाही. भाडेकरूची पत्रे जशी घरमालकाच्या ‘मार्फत’ ये-जा करत, तसा गेस्टचा सगळा व्यवहार होस्टच्या नावावर चालतो. तांत्रिक भाषेत सांगायचे तर गेस्टने एखादी टीसीपी जोडणी मागितली की व्हर्च्युअलबॉक्सचा प्रोग्रॅम होस्टवर तशीच जोडणी स्वतः उघडतो आणि दोन्हींमधला मजकूर इकडून तिकडे पोहोचवतो. विंडोजच्या दृष्टीने ही जोडणी ब्राउझरने उघडलेल्या जोडणीसारखीच असते, म्हणून तिला होस्टचेच राउटिंग टेबल, म्हणजे कोणत्या पत्त्यासाठी कोणती वाट हे सांगणारी यादी, लागू होते आणि ती आपोआप व्हीपीएनच्या बोगद्यातून जाते.

ब्रिज्ड पद्धतीत असे होत नाही. तेथे गेस्टला स्वतंत्र मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाची ओळख, असतो, घरच्या राउटरकडून तो स्वतःचा आयपी पत्ता घेतो, आणि त्याची पॅकेट होस्टच्या राउटिंग टेबलाला वळसा घालून थेट राउटरकडे जातात. होस्टवर व्हीपीएन आहे याची गेस्टला आणि राउटरला, दोघांनाही कल्पना नसते. त्यामुळे गेस्टमध्ये इंटरनेट छान चालते, पण ऑफिसचा एकही सर्व्हर दिसत नाही. ही लक्षणे असतील तर दुसरीकडे शोधाशोध करण्याचे कारण नाही: होस्टवरचा व्हीपीएन ब्रिज्ड गेस्टला मिळत नाही, आणि सेटिंगमधील कोणतीही लहानसहान दुरुस्ती हे बदलणार नाही. याहून गंभीर गोष्ट अशी की ब्रिज्ड गेस्टमधून पाठवलेली माहिती व्हीपीएनच्या संरक्षणाबाहेरून जाते. आपण व्हीपीएनच्या आत आहोत असे समजून ऑफिसचे काम अशा मशीनमध्ये करणाऱ्याला हे माहीत असलेच पाहिजे. वायफायवर ब्रिज्ड पद्धत आणखी एका कारणाने रुसते: वायफायचा ॲक्सेस पॉइंट एका जोडणीमागे सहसा एकच मॅक पत्ता स्वीकारतो, आणि व्हर्च्युअलबॉक्सला पत्ते बदलून वेळ मारून न्यावी लागते.

होस्ट-ओन्ली पद्धतीत फक्त होस्ट आणि गेस्ट एकमेकांशी बोलतात. बाहेरची वाट नसते.

तेव्हा पहिली पायरी ही. गेस्ट पूर्ण बंद करावा, त्याच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क’ उघडून ‘अटॅच्ड टू’ समोर ‘नॅट’ निवडावे. मग आधी व्हीपीएन जोडावा आणि जोडणी पूर्ण झाल्यावर गेस्ट नव्याने सुरू करावा. येथे क्रमाला महत्त्व आहे, आणि ‘सेव्ह स्टेट’ करून ठेवलेला गेस्ट पुन्हा उघडणे म्हणजे नव्याने सुरू करणे नव्हे. अनेकांची अडचण एवढ्यावरच सुटते.

अडते कुठे, ते क्रमाने पाहणे

सुटली नाही, तर तपासणी होस्टवरून सुरू करावी. ज्या सर्व्हरपर्यंत पोहोचायचे आहे तो होस्टवरून तरी मिळतो का, हे पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या कमांडला सर्व्हरचा पत्ता आणि ‘-पोर्ट’ पुढे पोर्ट क्रमांक देऊन कळते. वेबसाठी ४४३, एसएसएचसाठी २२. होस्टवरूनच जोडणी होत नसेल, तर दोष व्हर्च्युअल मशीनचा नाही. नुसत्या पिंगवर निष्कर्ष काढू नये, कारण अनेक ऑफिसांच्या फायरवॉल पिंग मुद्दाम अडवतात, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये पिंग चालत असले तरी पिंग ज्या आयसीएमपी प्रोटोकॉलवर चालते त्याला तेथे मर्यादित आधार आहे. पिंग झाले तर उत्तम. झाले नाही तर त्याचा अर्थ काहीही असू शकतो.

आता गेस्टमध्ये यावे आणि टर्मिनलमध्ये ‘आयपी ए’ ही कमांड द्यावी. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये पहिल्या कार्डाला १०.०.२.१५ हा पत्ता मिळणे अपेक्षित आहे. पत्ताच नसेल किंवा तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर गेस्टला डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तर मिळालेले नाही. अशा वेळी नेटवर्क सेटिंगमधील ‘केबल कनेक्टेड’ या चौकटीत खूण आहे ना, ते पाहावे.

पुढे ‘आयपी आर’ ही कमांड वाट दाखवते. तिच्या उत्तरात ‘डिफॉल्ट व्हाया १०.०.२.२’ अशी एक ओळ असावी, आणि डिफॉल्टची ओळ एकच असावी. दोन असतील तर बहुधा गेस्टला नॅटबरोबर होस्ट-ओन्लीचे दुसरे कार्ड दिलेले असते आणि त्याला हाताने पत्ता देताना कोणीतरी गेटवेचा, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराचा, रकानाही भरून ठेवलेला असतो. होस्ट-ओन्ली नेटवर्कला बाहेरची वाट नसल्याने तिकडे गेलेली पॅकेट परत येत नाहीत. तो गेटवे काढून टाकला की काम होते.

यानंतर एकाच सर्व्हरची दोन प्रकारे चाचणी घ्यावी: एकदा आयपी पत्त्याने, एकदा नावाने. ‘एनसी -व्हीझेड’ पुढे पत्ता आणि पोर्ट लिहिले की जोडणी झाली की नाही एवढेच उत्तर मिळते, आणि आपल्याला तेवढेच हवे असते. पत्त्याने जोडणी होते पण नावाने होत नाही, असे असेल तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. पत्त्यानेही होत नाही पण होस्टवरून होते, तर वाटेचा किंवा पत्त्यांच्या टकरीचा. जोडणी होते, पण थोडा मजकूर आल्यावर सगळे गोठते, तर पॅकेटच्या आकाराचा. पुढचे तीन भाग याच तीन निदानांसाठी आहेत. आपले निदान ज्यात बसते तो आधी वाचावा.

पत्त्यांची टक्कर

हा दोष सर्वांत फसवा आहे, कारण सगळी सेटिंग बरोबर दिसत असतानाही तो असतो.

खासगी नेटवर्कसाठी इंटरनेटच्या नियमांनी तीन पट्टे राखून ठेवले आहेत, आणि १९९६ सालच्या ज्या दस्तऐवजात ते नोंदले आहेत तो आरएफसी १९१८ म्हणून ओळखला जातो. १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते. घरचे राउटर, ऑफिसे आणि व्हर्च्युअल मशीनचे प्रोग्रॅम हे सगळे याच तीन पट्ट्यांतून पत्ते घेतात, त्यामुळे एकच पत्ता दोन ठिकाणी असणे अगदी स्वाभाविक आहे. मोठ्या ऑफिसांना १० चा पट्टा विशेष आवडतो, आणि व्हर्च्युअलबॉक्सचे नॅट मुळातच १०.०.२.० ते १०.०.२.२५५ हा तुकडा वापरते.

समजा, ऑफिसचा डेटाबेस सर्व्हर १०.०.२.५० या पत्त्यावर आहे. गेस्टचा पत्ता १०.०.२.१५. गेस्ट आपले राउटिंग टेबल पाहतो आणि ठरवतो की १०.०.२.५० तर माझ्याच नेटवर्कातला शेजारी आहे. त्याच्यासाठी गेटवेकडे जाण्याची गरज नाही. मग तो आपल्या छोट्याशा आभासी नेटवर्कात ‘हा पत्ता कोणाचा’ अशी हाक देतो. तेथे त्या पत्त्याचे कोणीच नसते. पॅकेट गेस्टच्या बाहेरच पडत नाही, होस्टच्या व्हीपीएनपर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही, आणि एनसी काही वेळाने थकून नकार देते. त्याच वेळी १०.०.३.५० वरचा दुसरा सर्व्हर मात्र व्यवस्थित मिळतो. ऑफिसचे काही सर्व्हर मिळतात आणि काही मिळत नाहीत, अशी अर्धवट लक्षणे दिसली की टकरीची शंका सर्वांत आधी घ्यावी.

यावर उपाय म्हणजे नॅटचा पट्टा बदलणे. गेस्ट बंद करून होस्टवर ‘व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायव्हीएम’ या कमांडला मशीनचे नाव आणि ‘--नॅटनेट१’ हा पर्याय द्यावा, त्यापुढे नवा पट्टा लिहावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१७७.०/२४ (‘/२४’ म्हणजे पहिले तीन आकडे कायम, शेवटचा बदलता). गेस्ट पुन्हा सुरू झाल्यावर त्याला १९२.१६८.१७७.१५ हा पत्ता आणि १९२.१६८.१७७.२ हा गेटवे मिळेल. कोणता पट्टा मोकळा आहे हे अंदाजाने ठरवू नये. व्हीपीएन जोडलेला असताना होस्टवर ‘रूट प्रिंट’ दिली की ऑफिसने कोणकोणते पट्टे व्हीपीएनकडे वळवले आहेत ते यादीत दिसते, आणि त्या यादीत नसलेला व घरच्या राउटरचाही नसलेला पट्टा निवडावा. घरच्या राउटरमध्ये १९२.१६८.०, १९२.१६८.१ हे तुकडे नेहमीचे आहेत, आणि जिओफायबरच्या राउटरचा पत्ता सहसा १९२.१६८.२९.१ असतो, तेव्हा हे तीन टाळलेले बरे.

‘रूट प्रिंट’ची यादी वाचताना एक नियम पाठ असावा: एका पत्त्याला दोन ओळी लागू होत असतील, तर जी ओळ अधिक नेमकी, म्हणजे कमी पत्ते व्यापणारी, ती जिंकते. म्हणूनच ओपनव्हीपीएनच्या पूर्ण बोगद्याच्या नेहमीच्या मांडणीत डिफॉल्ट ओळीला हात न लावता ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ अशा दोन ओळी घातल्या जातात. या दोन अर्ध्या मिळून सगळे पत्ते व्यापतात, आणि दोन्ही मूळ डिफॉल्टपेक्षा नेमक्या असल्याने सगळा प्रवास व्हीपीएनकडे वळतो. या दोन ओळी दिसल्या तर सगळे इंटरनेट व्हीपीएनमधून जात आहे असे समजावे; त्या नसतील, डिफॉल्टची ओळ घरच्या राउटरचीच राहिली असेल आणि व्हीपीएनपुढे ठरावीक पट्टेच दिसत असतील, तर फक्त ऑफिसचा प्रवास व्हीपीएनमधून जातो, बाकीचा थेट.

घरचा राउटर आणि ऑफिस यांचाच पट्टा एक निघाला, उदाहरणार्थ दोन्हीकडे १९२.१६८.१, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये काही करून उपयोग नाही. घरच्या राउटरचा पट्टा बदलणे हाच त्यातल्या त्यात सोपा मार्ग आहे, कारण ऑफिस आपला पट्टा एका कर्मचाऱ्यासाठी बदलणार नाही.

नाव सापडत नाही

व्हीपीएन जोडला की होस्टचे डीएनएस सर्व्हर बदलतात. ऑफिसच्या अंतर्गत सर्व्हरची नावे ऑफिसच्या डीएनएसलाच माहीत असतात. बाहेरचा कोणताही डीएनएस त्यांची ओळख देत नाही. गेस्टला मात्र सुरू होताना जो डीएनएस मिळाला होता तोच तो धरून बसतो. गेस्ट आधी सुरू केला आणि व्हीपीएन नंतर जोडला, तर गेस्ट अजूनही घरच्या राउटरला विचारत राहतो आणि राउटर प्रामाणिकपणे सांगतो की असे नाव नाही. व्हीपीएन आधी जोडण्याचा आग्रह वर धरला तो यासाठी.

गेस्ट सध्या कोणाला विचारतो आहे हे पाहण्यासाठी उबुंटूमध्ये ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ ही कमांड आहे. ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ ही फाइल उघडली तर तेथे १२७.०.०.५३ एवढेच दिसते, कारण तो उबुंटूच्या स्वतःच्या स्थानिक सेवेचा पत्ता आहे. तो पाहून नवखे लोक गोंधळतात आणि ती फाइल हाताने बदलतात. तसे करू नये. ती फाइल आपोआप तयार होते, हाताने केलेला बदल पुढच्या वेळी पुसला जाऊ शकतो, आणि टिकला तर व्हीपीएन नसताना इंटरनेट बंद पाडतो.

याहून टिकाऊ उपाय व्हर्च्युअलबॉक्सकडेच आहे. ‘व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायव्हीएम’ला मशीनचे नाव देऊन ‘--नॅटडीएनएसहोस्टरिझॉल्व्हर१’ हा पर्याय ‘ऑन’ करावा. यानंतर गेस्टने नाव विचारले की व्हर्च्युअलबॉक्स तो प्रश्न होस्टच्या नाव शोधण्याच्या यंत्रणेकडून सोडवून घेतो. फायदा असा की व्हीपीएन दिवसातून कितीदाही जोडला-तोडला, तरी गेस्टला होस्टइतकीच नावे कळतात. शिवाय काही ऑफिसांत फक्त ऑफिसची नावे ऑफिसच्या डीएनएसला आणि बाकीची घरच्या डीएनएसला विचारली जातात. ती वाटणी होस्टवर असते, आणि या पर्यायाने गेस्टलाही तिचा लाभ मिळतो. नॅट वापरणाऱ्या प्रत्येकाने हा पर्याय चालू ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑफिसच्या सर्व्हरचे नाव आणि पत्ता गेस्टच्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये लिहून ठेवण्याचा सल्लाही पुष्कळदा दिला जातो. निदान करताना तो ठीक आहे, पण कायमचा उपाय म्हणून नको: सर्व्हरचा पत्ता बदलला की फाइल जुनीच राहते, आणि तो दोष शोधायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

जोडणी होते, पण मध्येच गोठते

एसएसएचने पासवर्ड घेतला, प्रॉम्प्ट आला, पण एखाद्या मोठ्या फोल्डरची यादी मागितली आणि पडदा थिजला. किंवा गिटमधून कोड उतरवताना सुरुवात झाली आणि पुढे काहीच हलेना. छोटे पॅकेट जाते, मोठे जात नाही, असा याचा अर्थ असतो.

इथरनेटवर एका पॅकेटचा कमाल आकार, म्हणजे एमटीयू, १५०० बाइट असतो. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटभोवती स्वतःचे वेष्टन घालतो, त्यामुळे आतल्या मजकुराला जागा कमी उरते. वायरगार्ड या व्हीपीएनचा नेहमीचा एमटीयू त्यामुळेच १४२० असतो. आपल्याकडे बीएसएनएलसारख्या फायबर जोडण्यांत पीपीपीओई हा जोडणीचा प्रोटोकॉल वापरला जातो, त्याचे ८ बाइट वजा होऊन व्हीपीएन नसतानाच १४९२ उरतात. वाटेत जागा कमी आहे असे पाठवणाऱ्याला कळवण्यासाठी आयसीएमपी संदेशांची सोय आहे, पण फायरवॉलने तेच संदेश अडवले की पाठवणारा मोठी पॅकेट पाठवत राहतो आणि ती वाटेतच नाहीशी होत राहतात.

मोजणी होस्टवर करावी. व्हीपीएन जोडून, पिंगला उत्तर देणाऱ्या ऑफिसच्या एखाद्या पत्त्यावर ‘पिंग -एफ -एल १४७२’ पाठवून पाहावे. ‘-एफ’मुळे पॅकेटचे तुकडे करण्यास मनाई होते, आणि १४७२ मध्ये आयपीच्या शीर्षकाचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट मिळवले की १५०० होतात. उत्तर आले नाही तर आकडा कमी करत जावे. समजा १३९२ ला उत्तर आले आणि १३९३ ला नाही, तर वाटेचा एमटीयू १३९२ अधिक २८, म्हणजे १४२० ठरला.

येथे एक बारकावा आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये टीसीपीची जोडणी होस्टवर नव्याने उघडली जात असल्याने, पॅकेटचा आकार होस्टच ठरवतो आणि गेस्टच्या एमटीयूचा तिच्याशी संबंध राहत नाही. होस्टवर सगळे नीट असेल तर नॅटमधल्या गेस्टला टीसीपीपुरता हा त्रास सहसा होत नाही. तो होतो हायपर-व्ही, डब्ल्यूएसएल आणि केव्हीएममध्ये, जेथे गेस्टचेच पॅकेट पत्ता बदलून पुढे पाठवले जाते, आणि व्हीपीएन गेस्टच्या आत चालवला असेल तेव्हा. तशा ठिकाणी गेस्टच्या कार्डाचा एमटीयू मोजलेल्या आकड्याइतका किंवा थोडा कमी ठेवावा. ‘आयपी लिंक सेट’ या कमांडने तो तात्पुरता बदलता येतो. फरक पडला तरच उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, म्हणजे नेटप्लॅनच्या, फाइलमध्ये कायमचा लिहावा.

होस्टवरून गेस्टमध्ये शिरता येत नाही

आतापर्यंतचा विचार गेस्टमधून बाहेर जाण्याचा होता. उलट दिशेची तक्रारही तितकीच येते: गेस्टमध्ये चालणारा वेब सर्व्हर किंवा एसएसएच होस्टवरून १९२.१६८.५६ च्या होस्ट-ओन्ली पत्त्यावर रोज उघडतो, आणि व्हीपीएन जोडला की बंद. ऑफिसचे अनेक व्हीपीएन सुरक्षेसाठी आजूबाजूच्या स्थानिक नेटवर्कशी संपर्क तोडतात, आणि होस्ट-ओन्ली नेटवर्क त्यांना स्थानिकच वाटते.

यावर पोर्ट फॉरवर्डिंग हा साधा उपाय आहे. नॅटच्या सेटिंगमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ उघडून होस्टचा पत्ता १२७.०.०.१, होस्टचे पोर्ट २२२२ आणि गेस्टचे पोर्ट २२ अशी एक ओळ घालावी, आणि एसएसएच करताना १२७.०.०.१ च्या २२२२ पोर्टवर जावे. ही पॅकेट होस्टच्या बाहेर पडतच नाहीत, त्यामुळे व्हीपीएनचा त्यांच्याशी सहसा संबंध येत नाही. होस्टच्या पत्त्याचा रकाना रिकामा ठेवू नये; तो रिकामा असेल तर ते पोर्ट घरच्या नेटवर्कातील इतर यंत्रांनाही उघडे होऊ शकते.

हायपर-व्ही, डब्ल्यूएसएल आणि केव्हीएम

हायपर-व्हीचा ‘डिफॉल्ट स्विच’ नॅटच वापरतो, पण त्याचा पट्टा विंडोज स्वतः निवडते आणि होस्ट पुन्हा सुरू केल्यावर तो बदलू शकतो. काल चालणारे आज टकरीने बंद पडले, असे त्यामुळे होते. पट्टा स्थिर हवा असेल तर स्वतःचा ‘इंटर्नल’ स्विच तयार करून पॉवरशेलच्या ‘न्यू-नेटनॅट’ने त्याला नॅट द्यावे, मात्र तेथे डीएचसीपी नसल्याने गेस्टला पत्ता, गेटवे आणि डीएनएस हाताने द्यावे लागतात.

डब्ल्यूएसएल २ साठी विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून चांगली सोय झाली आहे. आपल्या विंडोज खात्याच्या मुख्य फोल्डरमधील ‘डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ या फाइलमध्ये ‘डब्ल्यूएसएल२’ या विभागाखाली ‘नेटवर्किंगमोड’ची किंमत ‘मिरर्ड’ लिहावी, आणि ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ देऊन पुन्हा सुरू करावे. मिरर्ड पद्धतीत होस्टचीच नेटवर्क कार्डे लिनक्समध्ये दिसतात, आणि व्हीपीएनशी जुळवून घेणे हा ती आणण्यामागचा एक हेतूच होता. मिरर्ड चालत नसेल तर नॅट ठेवून ‘डीएनएसटनेलिंग’ची किंमत ‘ट्रू’ आहे ना, तेवढे पाहावे.

लिनक्स होस्टवरील केव्हीएमचे नेहमीचे नॅट नेटवर्क १९२.१६८.१२२ चे असते. त्याच्या व्याख्येत ‘फॉरवर्ड’च्या ओळीत एखाद्या ठरावीक कार्डाचे नाव लिहिलेले असेल, तर गेस्टची पॅकेट फक्त त्याच कार्डाने बाहेर जाऊ शकतात आणि व्हीपीएनच्या कार्डाकडे वळत नाहीत. ते नाव काढावे. त्याच यंत्रावर डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) असेल तर त्याचा १७२.१७ चा पट्टाही ऑफिसच्या पट्ट्याशी ताडून पाहावा.

व्हीपीएन गेस्टच्या आतच चालवला तर

होस्टला व्हीपीएन नको आणि फक्त गेस्टला हवा, असे असेल तर हा मार्ग स्वच्छ आहे: होस्टचा बाकीचा वापर मोकळा राहतो आणि ऑफिसचे काम एका मशीनपुरते बंदिस्त होते. गेस्ट नॅटवर असला तरी चालते. वायरगार्ड आणि ओपनव्हीपीएन या दोन्हींना बाहेर जाणारी यूडीपी जोडणी मिळाली की पुरे. होस्टवर एक आणि गेस्टमध्ये दुसरा असे दोन व्हीपीएन एकावर एक चालवणे मात्र शिकणाऱ्याने टाळावे, कारण वेष्टनावर वेष्टन चढून एमटीयू आणखी घटतो आणि दोष कोणत्या थरात आहे ते सांगणे अवघड होते.

गेस्टमधला व्हीपीएन प्रमाणपत्राची मुदत संपल्याचा किंवा अजून सुरू न झाल्याचा संदेश देऊ लागला, तर आधी गेस्टचे घड्याळ पाहावे. बराच काळ थांबवून ठेवलेला गेस्ट जागा झाल्यावर मागच्याच वेळेत असू शकतो.

एवढे करूनही चालत नसेल तर

काही ऑफिसांच्या व्हीपीएनमध्ये होस्टवर एक गाळणी बसवलेली असते, जी व्हर्च्युअल मशीनकडून आलेली पॅकेट जाणूनबुजून टाकून देते. नॅटवरही काहीच जात नाही, पट्ट्यांची टक्कर नाही, आणि व्हीपीएन तोडताच सगळे चालू होते, तेव्हा हे कारण संभवते. हा दोष नसून धोरण आहे. व्हीपीएनची सेवा बंद करणे, राउटिंग टेबल हाताने वळवणे, होस्टची फायरवॉल उतरवणे असले मार्ग शोधू नयेत. त्यातून ऑफिसचे नेटवर्क उघडे पडते आणि नोकरीवरही बेतू शकते.

अशा वेळी आयटी विभागाकडे तिकीट टाकावे, आणि ‘व्हीएममध्ये नेट चालत नाही’ एवढेच लिहून थांबू नये. होस्टची विंडोज आवृत्ती, व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती आणि नेटवर्कची पद्धत लिहावी. व्हीपीएन जोडण्याआधीचे आणि जोडल्यानंतरचे ‘रूट प्रिंट’ सोबत द्यावे, तसेच गेस्टमधील ‘आयपी ए’, ‘आयपी आर’ आणि ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ यांची उत्तरे जोडावीत. एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टवर होस्टवरून आणि गेस्टवरून केलेल्या चाचण्यांचे निकाल, पत्त्याने आणि नावाने वेगवेगळे, वेळेसह लिहावेत. वेळ लिहिण्याला कारण आहे: व्हीपीएन सर्व्हरच्या लॉगमध्ये आपली जोडणी आयटी विभागाला त्या वेळेवरूनच शोधावी लागते. व्हर्च्युअल मशीन कोणत्या कामासाठी हवे आहे हेही एका वाक्यात सांगावे, कारण गाळणीला अपवाद द्यायचा की ऑफिसमधलेच एखादे मशीन वापरायला द्यायचे हे त्यांना त्यावरून ठरवता येते.